दाण्यावरची बुरशी आणि यकृतातला विषाणू

मराठीत 'विष' आणि 'विषाणू' हे शब्द एकाच घराण्यातले वाटतात. लॅटिन भाषेतही 'व्हायरस' या शब्दाचा जुना अर्थ विष असाच होता. शब्दांनी अशी सोयरीक जमवली असली, तरी वस्तू मात्र अगदी वेगळ्या आहेत. विष हा निर्जीव रेणू. त्याची मात्रा असते. ते शरीरात शिरते, आपले काम करते आणि बहुतांशी मलमूत्रावाटे निघून जाते. त्याला पिल्ले होत नाहीत. विषाणू म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेली जनुकांची पुडी. ती आपल्या पेशीत शिरून त्या पेशीलाच कामाला लावते आणि आपल्यासारख्या हजारो पुड्या बांधून घेते. कधी कधी तर ती आपली जनुके पेशीच्या मूळ जनुकसंचात कायमची गुंफून ठेवते.

कर्करोग कशाने होतो, या प्रश्नाची ही दोन उत्तरे. गेल्या शतकाचा बराच काळ ती दोन पंथांसारखी एकमेकांकडे पाठ फिरवून उभी होती. रसायनपंथाची परंपरा जुनी. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना चिकाटीने महिनोन् महिने डांबर चोपडले आणि तिथे कर्करोग उठवून दाखवला. विषाणूपंथाचा आद्य पुरुष म्हणजे न्यूयॉर्कचा पेटन राऊस. कोंबडीच्या मांसार्बुदाचा अर्क इतका बारीक गाळून घेतला की त्यात पेशी तर नाहीतच, पण जिवाणूही उरू नयेत. आणि तो अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचला, की तिलाही अर्बुद होते, हे त्याने १९११ मध्ये दाखवले. त्यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. नोबेल पारितोषिक मिळायला १९६६ साल उजाडले. तेव्हा राऊस ८७ वर्षांचा होता.

गंमत अशी की, या दोन पंथांचे भांडण ऐन भरात असतानाच त्यांना एकत्र आणणारा प्रयोग राऊसनेच केला होता. अमेरिकेतल्या रानटी सशांच्या डोक्यावर कधी कधी शिंगांसारखी काळी चामखिळे उगवतात. ती एका विषाणूमुळे उगवतात हे रिचर्ड शोप याने १९३३ मध्ये सिद्ध केले. राऊस आणि किड यांनी सशांच्या कानांना आधी डांबर लावले. कर्करोग होण्याइतके नव्हे, बेताचेच. मग शोपचा विषाणू त्यांनी कानाला न लावता थेट रक्तात सोडला. रक्त अंगभर फिरते, तेव्हा विषाणूही सगळीकडे पोहोचला असणार. गाठी उठल्या त्या मात्र डांबर लावलेल्या जागी. त्यांतल्या काही पाहता पाहता कर्करोगात बदलल्या, नुसत्या डांबराने लागला असता त्यापेक्षा कितीतरी लवकर. हा प्रयोग १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. जनुक म्हणजे डीएनए हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते, त्यामुळे आत काय घडले ते सांगण्याची सोय नव्हती. पण रसायन आणि विषाणू एकमेकांना हात देतात, एवढे त्या सशांच्या कानांवर लिहिले गेले.

माणसांत हे कुठे घडते? याचे सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण यकृताच्या कर्करोगाचे आहे. त्यातले रसायन आपल्या मक्याच्या कणसावर आणि शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीतून येते, म्हणून ते जरा सावकाश पाहू.

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की जातीच्या कोंबड्यांची पिल्ले अचानक मरू लागली. लाखाच्या वर गेली. कारण कळेना, म्हणून रोगाला 'एक्स' हे बीजगणितातले नाव मिळाले. शोध घेता घेता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळट हिरवी बुरशी होती, आणि बुरशीने तयार केलेले एक विष. बुरशीच्या नावातली अक्षरे घेऊन त्याचे नाव ठेवले अफ्लाटॉक्सिन. त्याचे प्रकार अनेक आहेत. त्यांतला 'बी-१' सर्वांत जहाल.

भारतात या विषाने भीषण रूप दाखवले ते १९७४ च्या अखेरीस. गुजरातमधला पंचमहाल जिल्हा (आजचा दाहोद तेव्हा त्यातच होता) आणि शेजारचा राजस्थानातला बांसवाडा. बडोद्याच्या मंडळींना हा मुलूख परका नाही. मक्याच्या काढणीच्या दिवसांत अवेळी पाऊस पडला. कणसे भिजली, आणि घरात दुसरे धान्य नसल्याने आदिवासी कुटुंबांनी तीच साठवली आणि तीच खाल्ली. गावोगाव कावीळ पसरली, पोटात पाणी होऊ लागले. दोनशेच्या आसपास गावांत सुमारे चारशे माणसे आजारी पडली, त्यांतली शंभराहून अधिक दगावली. त्याच घरांतले उरलेसुरले खाणारी कुत्रीही तशीच पोट फुगून मेली. कुत्र्यांचे हे मरण फार बोलके होते; माणसाची साथीची कावीळ कुत्र्याला होत नाही, म्हणजे कारण ताटात शोधायला हवे होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मका तपासला. एका किलोत सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. आज आपल्या कायद्याने धान्यात एका किलोला १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली आहे. तिच्या चारशे ते हजारपट विष ती माणसे रोज भाकरीतून खात होती.

ही झाली तीव्र विषबाधा. ती दिसते, तिची बातमी होते. आपला विषय तिचा धाकटा आणि जास्त कपटी भाऊ आहे: थोडे थोडे विष, वर्षानुवर्षे, कावीळ न होता.

अफ्लाटॉक्सिन मुळात डीएनएला चिकटत नाही. ते चिकटते यकृताच्या कृपेने. पोटातून आलेले परके पदार्थ पाण्यात विरघळतील असे करून बाहेर टाकायचे, हे यकृताचे काम. त्यासाठी तिथली विकरे अफ्लाटॉक्सिनला प्राणवायूचा एक अणू जोडतात. हेतू चांगला, पण या रूपात तो रेणू एकदम आक्रमक होतो आणि डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'जी' या अक्षराला जाऊन चिकटतो. पेशीकडे यावर उतारा आहे. ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू या आक्रमक रूपाला मधल्या मध्ये पकडून निकामी करतो. उंदरांमध्ये हा पहारा इतका कडक असतो की अफ्लाटॉक्सिन त्यांना फारसे बाधत नाही. घुशीच्या जातीच्या मोठ्या उंदरांमध्ये तो ढिला, त्यांना थोड्या मात्रेनेही यकृताचा कर्करोग होतो. माणसाची पकड उंदरांइतकी घट्ट नाही. शिवाय डीएनएला चिकटलेला डाग खरवडून काढणारी दुरुस्तीची यंत्रणाही पेशीत असते, आणि काढून टाकलेला डाग लघवीत सापडतो. पुढे हा तपशील फार उपयोगी पडणार आहे.

डाग पडला म्हणजे लगेच कर्करोग होत नाही. एखाद्या पोथीच्या पानावर शाईचा ठिपका पडला, तर तो पुसेपर्यंत वाचता येत नाही इतकेच. पण पुसण्याआधीच कुणी त्या पोथीची नक्कल करायला बसले, तर नकलणारा ठिपक्याखालचे अक्षर अंदाजाने भरतो. ते चुकले की पुढच्या सगळ्या प्रतींत तोच पाठ जातो, आणि मूळ पानावरचा ठिपका नंतर पुसला तरी उपयोग नसतो. पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची नक्कल होते. अफ्लाटॉक्सिनच्या डागावर नक्कल झाली, तर 'जी'च्या जागी बहुधा 'टी' उमटतो. निरोगी प्रौढ माणसाच्या यकृतातल्या पेशी फार क्वचित दुभंगतात, म्हणजे नकलाकार सहसा झोपलेला असतो. आता त्याला जागे कोण करते ते पाहू.

हिपॅटायटिस बी हा विषाणू बारूक ब्लुमबर्ग यांच्या १९६० च्या दशकातल्या कामातून उजेडात आला. त्यासाठी त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. या विषाणूचा जनुकसंच जेमतेम ३,२०० अक्षरांचा. एवढ्या जागेत चारच जनुके, तीही एकमेकांवर चढून बसलेली. एकच ओळ वेगवेगळ्या ठिकाणी तोडून वाचली की वेगवेगळे अर्थ निघावेत तशी. श्लेषकाव्याची आवड असणाऱ्यांनी हा विषाणू जरूर पाहावा. त्यांतल्या चौथ्या जनुकाचे काम काय ते सुरुवातीला कळेना, म्हणून इथेही तेच नाव पडले: एक्स.

प्रौढ वयात या विषाणूची बाधा झाली, तर शंभरातले पंच्याण्णवाहून अधिक लोक त्यातून पूर्ण बरे होतात. जन्मताना आईकडून आली, तर मात्र दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. असा माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो, कावीळही होत नाही. तैवानमध्ये पामर बीझली यांनी २२,७०७ पुरुष सरकारी नोकरांचा पाठपुरावा केला आणि १९८१ मध्ये निकाल जाहीर केला. यकृताच्या कर्करोगाने ४१ जण मरण पावले. त्यांपैकी ४० जण विषाणू बाळगणारे होते, आणि असे लोक एकूण गटात साडेतीन हजारांच्याही आत होते. धोक्याचे गुणोत्तर निघाले २२३ पट. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नातेही इतके ठसठशीत नाही.

हा निकाल पाहून कुणीही म्हणेल की मग अफ्लाटॉक्सिनचा प्रश्नच मिटला, सगळा दोष विषाणूचा. तसे म्हटलेही गेले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की विषाणू सगळीकडे सारखाच असतो, मग कर्करोगाचे प्रमाण एका मुलखात एवढे आणि दुसऱ्यात तेवढे का? भांडण मिटवायला एकाच माणसाच्या शरीरात दोन्ही मोजणे भाग होते. विषाणूची खूण रक्तात मिळत होती. पण वीस वर्षांत कुणी किती बुरशीचे दाणे खाल्ले, हे आठवून कोण सांगणार? इथे लघवीतला तो खरवडलेला डाग कामाला आला.

शांघायमध्ये १९८६ ते १९८९ या काळात ४५ ते ६४ वयाच्या १८,२४४ पुरुषांचे रक्त आणि लघवी घेऊन गोठवून ठेवण्यात आली. सगळे तेव्हा निरोगी होते. मग फक्त वाट पाहायची. पुढे ज्यांना यकृताचा कर्करोग झाला त्यांचे जुने नमुने बाहेर काढून तपासले, आणि ज्यांना झाला नाही अशांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. १९९४ मध्ये आलेले आकडे असे. दोन्हींपैकी काहीच नसलेल्याचा धोका एक मानला, तर नुसता अफ्लाटॉक्सिनचा माग असलेल्याचा ३.४, नुसता विषाणू असलेल्याचा ७.३, आणि दोन्ही असलेल्याचा ५९.४.

या चार आकड्यांवर थोडे रेंगाळण्यासारखे आहे. दोन शत्रू आपापले काम स्वतंत्रपणे करत असते, तर धोक्याची बेरीज व्हायला हवी होती, म्हणजे दहाच्या आसपास. एकाने दुसऱ्याचे काम वाढवले, तर गुणाकार व्हावा: ३.४ गुणिले ७.३, सुमारे २५. प्रत्यक्षात आकडा त्याहूनही वर गेला. रुग्ण जेमतेम पन्नास होते, त्यामुळे ५९.४ हा आकडा दशांश चिन्हासकट घोकण्यात अर्थ नाही. खरा आकडा बराच कमी किंवा बराच जास्त असू शकतो. पण तो बेरजेच्या पलीकडचा आहे, यात शंका राहिली नाही.

त्याआधी तीन वर्षे, १९९१ मध्ये, गुन्हेगाराच्या बोटांचे ठसेही मिळाले होते. आपल्या प्रत्येक पेशीत पी-५३ नावाचे एक प्रथिन असते. डीएनएला इजा झाली की ते पेशीची नक्कल थांबवते, दुरुस्तीला सवड देते, आणि इजा हाताबाहेरची असेल तर पेशीला मरायला लावते. थोडक्यात, पहारेकरी. त्याच्या जनुकात अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात. चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाशी, शांघायच्या पलीकडच्या तीरावर चिदोंग नावाचा तालुका आहे. तिथल्या लोकांचे मुख्य अन्न तेव्हा मका होते आणि यकृताचा कर्करोग तिथे अतोनात होता. तिथल्या १६ रुग्णांच्या गाठी तपासल्या तेव्हा त्यांतल्या आठांत या जनुकाचा नेमका २४९ वा गट बिघडलेला निघाला. त्यांतल्या बहुतेकांत 'एजीजी'चे झाले होते 'एजीटी'. शेवटच्या 'जी'चा 'टी', म्हणजे अफ्लाटॉक्सिनचे नेहमीचे हस्ताक्षर. त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांवर स्वतंत्रपणे काम करणाऱ्या दुसऱ्या गटालाही हाच बिघाड सापडला. अफ्लाटॉक्सिन नसलेल्या देशांतल्या यकृताच्या गाठींत तो क्वचितच दिसतो. एका अक्षराच्या या फरकाने प्रथिनातला अर्जिनीन जाऊन तिथे सेरीन येतो आणि पहारेकऱ्याचा हात लुळा पडतो. आफ्रिकेतल्या गांबिया देशात हेच बदललेले अक्षर पुढे रुग्णांच्या रक्तातही सापडले.

आता दोन्ही धागे जुळवता येतात. विषाणूविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती लढत राहते आणि त्या लढाईत यकृताच्याच पेशी मरतात. मेलेल्यांची जागा भरायला उरलेल्या पेशी पुन्हा पुन्हा दुभंगतात, म्हणजे झोपलेला नकलाकार रात्रंदिवस जागा राहतो. त्याच वेळी ताटातून येणारे विष पोथीवर ठिपके पाडत असते. पुसायला वेळच मिळत नाही. या विषाणूचे प्रथिन यकृतात मुद्दाम तयार करवलेले उंदीर निपजवून त्यांना अफ्लाटॉक्सिन दिले, तेव्हा एरवी दाद न देणाऱ्या या प्राण्यांतही गाठी झाल्या. शिवाय विषाणूचे एक्स जनुक स्वस्थ बसत नाही. त्याचे प्रथिन डीएनएच्या दुरुस्तीत अडथळा आणते आणि खुद्द पी-५३ ला बिलगून त्याला काम करू देत नाही, हे प्रयोगशाळेतल्या पेशींत दिसले आहे. विषाणूच्या डीएनएचे तुकडे यकृतपेशीच्या गुणसूत्रांत घुसतात; कधी ते अशा जनुकाजवळ जाऊन बसतात की पेशीला न थकता दुभंगण्याची सवय लागते. गुणसूत्र तुटलेले असेल तर असा तुकडा घुसायला जागा मिळते, आणि तुटफूट करणारे विष तिथे हजर असतेच. यांतल्या कुठल्या वाटेने किती नुकसान होते, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. माझ्या मते सगळ्यांत साधी वाट, म्हणजे जखम आणि घाई एकत्र येणे, हीच सगळ्यांत मोठी असावी.

हाच पहारेकरी दुसऱ्या ठिकाणी कसा पडतो, ते ओझरते पाहण्यासारखे आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. शोपच्या सशांवरची शिंगे याच्याच कुळातली. हॅराल्ड झुर हाउझेन यांना या शोधासाठी २००८ मध्ये नोबेल मिळाले. या विषाणूचे ई-६ नावाचे प्रथिन पी-५३ ला पेशीच्या कचराकुंडीत पोहोचवते. म्हणून अशा गाठींत पी-५३ चे जनुक बहुधा शाबूत असते; पहारेकऱ्याची नेमणूक कायम, पण माणूस रोज पळवला जातो. तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या गाठींत उलट: जनुकच बिघडलेले. आणि दोन्ही एकत्र येतात तिथे पुन्हा हातमिळवणी. पॅपिलोमा विषाणू असलेल्या स्त्रिया धूम्रपान करत असतील, तर कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट होतो. तंबाखूतली कर्कजनक द्रव्ये रक्तावाटे गर्भाशयाच्या मुखावरच्या स्रावातही उतरतात.

रसायन निद्रिस्त विषाणूला जागे करते, अशीही उदाहरणे आहेत, आणि त्यांतले एक आपल्या ओळखीच्या झाडाचे आहे. जमालगोटा. त्याच्या तेलातून वेगळे केलेले फॉर्बोल जातीचे द्रव्य पेशींवर टाकले, की आत वर्षानुवर्षे गुपचूप पडून असलेला एपस्टाइन-बार विषाणू उठून वाढू लागतो. हे प्रयोग १९७८ चे, आणि तेही झुर हाउझेन यांच्याच गटाचे. असो.

या सगळ्यातून एक व्यावहारिक प्रश्न निघतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हिपॅटायटिस बी वर लस आहे. तैवानने ती १९८४ पासून आधी बाधित मातांच्या आणि मग सगळ्याच नवजात बालकांना दिली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतला यकृताचा कर्करोग दहा-बारा वर्षांत लाखाला ०.७० वरून ०.३६ वर आला. कर्करोग लसीने टळतो याचा हा पहिला पुरावा. पण लस जन्मणाऱ्या मुलांसाठी. ज्यांच्या यकृतात विषाणू आधीच बसला आहे, त्यांना ती देऊन उपयोग नाही. मग त्यांनी काय करायचे?

त्याचे उत्तर चिदोंगमध्ये, कुणी तसा प्रयोग योजलेला नसताना, मिळाले. १९८० च्या दशकात चीनने शेतीची धोरणे बदलली, आणि चिदोंगचे लोक मक्याऐवजी भात खाऊ लागले. तांदळावर ही बुरशी कमी धरते. रक्ताचे जुने नमुने साठवलेले होते. १९८९ मध्ये अफ्लाटॉक्सिनची खूण रक्तात मध्यम मानाने १९.३ एकक होती. २००९ मध्ये ती मोजण्याच्या पलीकडे घसरली. आणि पस्तिशीच्या आतल्या लोकांतले यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू, १९६० च्या दशकात जन्मलेल्यांपासून १९८० च्या दशकात जन्मलेल्यांपर्यंत, निम्म्याहून खाली आले. ही सगळी पिढी सार्वत्रिक लसीच्या आधी जन्मलेली. विषाणू तसाच होता, ताट बदलले होते. अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा असे निघाले की या बदलाचा जो फायदा झाला, त्याचा ८३ टक्के वाटा विषाणू बाळगणाऱ्यांच्या पदरात पडला. शांघायच्या गुणाकाराचा हा उलटा पाढा. धोका गुणाकाराने वाढत असेल, तर दोहोंतला एक काढून घेतल्यावर तो भागाकाराने उतरतो, आणि ज्याच्यापाशी दुसरा शत्रू आधीच ठाण मांडून आहे, त्याला सगळ्यांत जास्त दिलासा मिळतो.

भारतात ही लस सार्वत्रिक कार्यक्रमात देशभर पोहोचली ती २०११ मध्ये. म्हणजे आज पंधरा-वीस वर्षांच्या वरचे आपण बहुतेक सगळे लसीच्या आधीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये देशात जवळजवळ तीन कोटी लोक हा विषाणू बाळगून होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. एका साध्या रक्ततपासणीत तो कळतो. कळल्यावर घरात ताटवाटी वेगळी करण्याची, लग्न मोडण्याची जी उदाहरणे कानावर येतात, त्यांना शास्त्रात काही आधार नाही. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून पसरतो. एका पंगतीत जेवल्याने नाही. जोडीदाराला लस देता येते, बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत देता येते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून औषधही मोफत मिळते. त्याने विषाणू समूळ जात नाही, पण दबून राहतो, आणि आपला नकलाकार पुन्हा झोपी जातो.

आणि ताट? आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचे कूट खिचडीत, उसळीत, कोशिंबिरीत, चटणीत जाते. अफ्लाटॉक्सिन भाजल्याने किंवा शिजवल्याने फारसे जात नाही. ते पाखडूनही जात नाही, पण निवडून बरेच जाते, कारण ते सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते. पोतेभर दाण्यांत मोजकेच दाणे विषाने भरलेले असतात, आणि तेच बहुधा सुरकुतलेले, पोचट, काळे किंवा हिरवट पडलेले, फुटके असतात. खवट दाणा आणि बुरशीचा दाणा एक नव्हे. खवटपणा तेलाचा, तो जिभेला लगेच कळतो. बुरशीच्या विषाला चव नाही. तयार कूट विकत घेतले की निवडण्याची ही संधीच जाते, आणि हलक्या दाण्यांची विल्हेवाट कुटातच लावणे सगळ्यांत सोपे असते. तेलाचेही तसेच. शुद्धीकरणात अल्कलीची प्रक्रिया होते तेव्हा हे विष निघून जाते; घाणीच्या तेलात दाणे वाईट असतील तर ते उतरते. घाणीचे तेल वाईट असे मी म्हणत नाही, त्यासाठी दाणे कसे घेतले ते विचारावे.

शेतावर करायचे उपाय याहून मोठे, पण तेही काही महाग नाहीत. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात वीस गावांत एक पाहणी झाली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. दहा गावांतल्या शेतकऱ्यांना खराब शेंगा हाताने निवडून टाकायला शिकवले. शेंगा मातीवर न पसरता चटईवर वाळवायच्या; प्लास्टिकच्या नव्हे, तागाच्या पोत्यांत भरायच्या; पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचायची. बाकीच्या दहा गावांत नेहमीचीच पद्धत चालू राहिली. सुगीनंतर पाच महिन्यांनी दोन्हीकडच्या लोकांचे रक्त तपासले. चटया आणि तागाची पोती मिळालेल्या गावांत अफ्लाटॉक्सिनची खूण दुसऱ्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होती.